गढूळ पाण्यातली नोकरी आणि हातातला कॅमेरा

प्रश्न थोडक्यात असा आहे: "काका, मी मालवणजवळच्या देवबागचा. वय १९. सीझनमध्ये स्कुबा गाइड म्हणून काम करतो, पर्यटकांचे पाण्याखालचे फोटोही मीच काढतो. तुम्ही नौदलात डायव्हर होता आणि कॅमेराही तुमच्याकडे असायचा असं ऐकलं. ते आयुष्य कसं होतं? मला तेच करायचं आहे. जमेल तेवढं सविस्तर लिहा."

काका म्हणालास, म्हणून अरे-तुरे करतो.

तुझ्या डोळ्यांसमोर जे चित्र आहे ते आधी पुसावं लागेल. तू ज्या पाण्यात उतरतोस ते सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या खडपांचं पाणी. पाच-सात मीटर खोली, डिसेंबरात पाणी नितळ, आणि खाली पट्टेरी माशांचे थवे. तिथे माणूस बघायला उतरतो. नौदलाचा डायव्हर बहुतेक वेळा चाचपायला उतरतो. माझ्या नोकरीतला मोठा काळ मुंबई बंदरात गेला. तिथे हात लांब केला की स्वतःचा तळवा दिसत नाही. मास्कच्या काचेला घड्याळ टेकवलं तर वेळ कळते, तीही उजेड असला तर. पाच मीटर खाली गेलं की भर दुपारी अमावास्या.

हे असं का, तेही सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. मुंबईत उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतला फरक साडेचार मीटरच्या आसपास जातो. मालवणात तो त्याच्या साधारण निम्मा. एवढं पाणी दिवसातून दोनदा खाड्यांत शिरतं आणि दोनदा बाहेर पडतं, म्हणजे तळाचा गाळ कधी बसतच नाही. वर शहराचं सांडपाणी. त्यामुळे आम्ही पंचांग उघडायचो ते भांगाचे दिवस शोधायला. अष्टमीच्या आसपास ओढ कमी असते, पाणी जरा स्थिर असतं, गाळ थोडा खाली बसतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण निघते, हे तुझ्या आजोबांना ठाऊक असेल. अष्टमीला सहा वाजता. मालवणात मुंबईच्या थोडं आधीच भरतं, तेवढं वजा कर. नौदलाकडे छापील टाइड टेबल असतात आणि हिशेब त्यांचाच धरायचा. पण आमच्यातले कोकणातले दोघे-तिघे आधी बोटांवर मोजायचे आणि मग टेबल उघडायचे. टेबल बहुतेक वेळा आमच्याशी सहमत असायचं.

काम काय असायचं? जहाजाचं बूड तपासणं, हे सगळ्यात जास्त. जहाज धक्क्याला लागलेलं असतं आणि त्याच्या पोटाखाली कोणी काही चिकटवलंय का, हे हाताने फिरून पाहायचं. दोन बाजूंना दोर ताणून, त्या दोराला धरून ओळीने डायव्हर सरकतात. प्रत्येकाच्या वाट्याला हाताच्या पल्ल्याएवढी पट्टी. शिंपले आणि कालवांसारख्या कवचांनी बोटं सोलून निघतात. हातमोजे घातले तर स्पर्श मरतो, नाही घातले तर कातडं जातं; मी पातळ सुती मोजे घालायचो. मग प्रॉपेलरमध्ये अडकलेली जाळी काढणं. नायलॉनची जाळी फिरत्या शाफ्टवर गुंडाळली गेली की घर्षणाने वितळते आणि तिचा दगड होतो. तिथे सुरी चालत नाही, हॅकसॉ लागतो. पाण्यात करवत चालवताना लाट तुला वर-खाली हलवत असते, म्हणून पायांनी प्रॉपेलरच्या पात्याला मिठी मारून बसायचं. समुद्राचं पाणी आत घेणाऱ्या तोंडांवरच्या जाळ्या साफ करणं, बूड गंजू नये म्हणून लावलेले जस्ताचे तुकडे झिजले की बदलणं, हरवलेली वस्तू शोधणं, ही रोजची कामं. सुरुंग आणि स्फोटकं निकामी करणं हे क्लिअरन्स डायव्हरचं काम. त्याचं शिक्षण वेगळं, साहित्य वेगळं आणि चुंबकाला न लागणाऱ्या धातूचं. त्या कामाबद्दल मी इथे जास्त लिहिणार नाही, कारण लिहू नये.

डायव्हर खाली असताना मास्टवर, म्हणजे डोलकाठीवर, अल्फा झेंडा चढतो, पांढरा-निळा. इंजिनच्या कंट्रोलवर पाटी लागते, पाणी खेचणारे पंप बंद होतात, पाण्यात आवाज सोडून शोध घेणारं सोनार यंत्र बंद होतं, आणि हे सगळं बंद झाल्याची सही झाल्याशिवाय सुपरवायझर कोणाला पाण्यात सोडत नाही. तारकर्लीला मी कधीमधी किनाऱ्यावर उभा राहतो तेव्हा खाली माणसं आणि वरून पर्यटकांची मोटरबोट, असं दिसतं, झेंडाबिंडा काही नाही. छातीत धस्स होतं. तुमच्या होडीवर एक अल्फा झेंडा लावायला किती खर्च येतो?

गढूळ पाण्यात बोलणं दोरीने होतं. कमरेला लाइफलाइन, तिचं दुसरं टोक वरच्या अटेंडंटच्या हातात. त्याने एक झटका दिला की तो विचारतोय, ठीक आहेस ना. तू एक झटका दिलास की ठीक आहे. पुढचे झटके पाठ करावे लागतात, झोपेतसुद्धा चुकता कामा नये. अटेंडंटला दोरी ताणून ठेवायची नसते आणि सैल सोडायचीही नसते. चांगला अटेंडंट दोरीवरून सांगायचा की खालचा माणूस दमलाय. मी डायव्हर म्हणून कोणावर विश्वास टाकला असेल तर तो बहुतेक अशा वर उभ्या असलेल्या माणसांवर.

आता कॅमेऱ्याकडे येतो, कारण तुझा खरा प्रश्न तोच दिसतोय.

डोळा पाण्याखाली खोटं बोलतो. मास्कच्या काचेतून बघताना प्रकाश वळतो, त्यामुळे वस्तू साधारण एक तृतीयांश मोठी आणि एक चतुर्थांश जवळ दिसते. नवा डायव्हर वर येऊन सांगतो, "सर, वीतभर भेग आहे." पट्टी लावली की ती पाऊण वीतच निघते. रंगाचंही तसंच. पहिल्या पाच-सहा मीटरमध्ये लाल जातो, मग नारिंगी, मग पिवळा. खाली बोट कापलं तर रक्त हिरवट-काळं दिसतं, आणि गंजाचा ताजा लाल डाग आणि जुना काळा डाग यांत फरक कळत नाही. आवाजाचा भरवसा नाही, कारण पाण्यात तो सेकंदाला सुमारे दीड हजार मीटर धावतो आणि दोन्ही कानांत जवळपास एकदमच शिरतो. बोट डावीकडून येतेय की उजवीकडून, सांगता येत नाही. त्यात वर जो अधिकारी बसलेला असतो तो पाण्यात उतरणार नसतो. जहाज ड्राय डॉकमध्ये, म्हणजे कोरड्या गोदीत, घ्यायचं की तसंच मोहिमेवर पाठवायचं, हे त्याला ठरवायचं असतं. डायव्हर हाताने चाचपून जे सांगतो ते एका माणसाचं म्हणणं. फोटो म्हणजे पुरावा. माझ्या हातात कॅमेरा आला तो यासाठी. कलेसाठी नव्हे.

कॅमेरा निकोनॉस. त्या वेळी पाण्याखालच्या फोटोंचं काम जगभर त्याच्यावरच चालायचं. त्याचा पूर्वज १९६० सालचा फ्रेंच कॅलिप्सो. निकॉनने तो १९६३ मध्ये निकोनॉस म्हणून बाजारात आणला. त्याला बाहेरून हाउसिंग, म्हणजे पाणी न शिरणारी पेटी, लागत नाही, कॅमेराच जलरोधक. १९८४ साली निकोनॉस-पाच आला आणि फ्लॅशचा हिशेब तो स्वतः करू लागला, तेव्हा आम्हाला श्रीमंत झाल्यासारखं वाटलं. पण लेन्समधून बघायची सोय नाही. अंतर डोळ्याने अंदाजायचं आणि लेन्सवरच्या बटणाने लावायचं. इथे एक गंमत आहे: अंतराचा आकडा दिसेल तसाच लावायचा, पट्टीने मोजलेला नाही, कारण लेन्सलाही डोळ्यासारखंच खोटं दिसतं. दोघांचं खोटं जुळलं की फोटो खरा येतो.

एका रोलमध्ये ३६ फोटो. पाण्याखाली रोल बदलता येत नाही. त्यामुळे उतरण्याआधी कागदावर यादी करायची: जहाजाच्या फ्रेमच्या, म्हणजे सांगाड्याच्या फासळ्यांच्या, क्रमांकानुसार पुढून मागे, प्रत्येक जागेचे तीन फोटो, एक लांबून, एक मधून, एक अगदी जवळून. प्रत्येक फोटोत पट्टी आणि क्रमांक लिहिलेली पाटी दिसलीच पाहिजे. क्रम चुकला तर चांगला आलेला फोटोही टाकाऊ, कारण ती भेग कुठली हे सांगता येत नाही. तुम्ही आता पर्यटकाच्या एका डुबकीत दोन-तीनशे फोटो काढता. मी तक्रार करत नाही, माझ्याकडेही आता डिजिटलच आहे. पण ३६ फोटोंच्या त्या सवयीमुळे शटर दाबण्याआधी मी अजूनही विचार करतो.

मुंबईच्या त्या काळ्या पाण्यात फोटो कसा निघणार, असं तू विचारशील. फ्लॅश मारला तर गाळाचा प्रत्येक कण उजळून निघतो आणि फोटोत नुसतं धुकं येतं. यावर एक जुनी, साधी आणि फार हुशार युक्ती आहे. पर्स्पेक्सची, म्हणजे काचेसारख्या पारदर्शक प्लास्टिकची, एक पेटी करायची, एका बाजूला निमुळती, दुसऱ्या बाजूला रुंद. तिच्यात नळाचं स्वच्छ पाणी भरायचं, एकही बुडबुडा राहू द्यायचा नाही. निमुळत्या तोंडाला कॅमेरा, रुंद तोंड जहाजाच्या पत्र्यावर घट्ट दाबायचं. म्हणजे लेन्स आणि वेल्डिंगचा जोड यांच्यामध्ये बंदराचं पाणी उरतच नाही, आपलं स्वच्छ पाणी असतं. फ्लॅश पेटीच्या बाजूने आत सोडायचा. एका फोटोत ताटाएवढी जागा येते, पण तेवढी लख्ख येते. ही पेटी वर उचलली की पाण्याने भरलेल्या पिंपासारखी जड आणि पाण्यात सोडली की वजनाला जवळजवळ शून्य. मात्र ओढ लागली की शिडासारखी तुला घेऊन चालते. म्हणून दोघं लागायचे, एक पेटी दाबणारा आणि एक शटर दाबणारा. मी बऱ्याचदा फोटो न बघताच काढलेत. पत्र्यावर बोटाने जोड शोधायचा, पेटीची कड त्या बोटाला टेकवायची, बोट काढायचं, शटर. फोटोत काय आलं ते डार्करूममध्ये कळायचं.

फोटोग्राफीत ज्याला 'नजर' म्हणतात ती माझ्या बोटांत होती, असं म्हटलं तर तुला अतिशयोक्ती वाटेल. पण तुला हा पेशा पत्करायचा असेल तर बोटांची तयारी कर. कोचीच्या डायव्हिंग स्कूलमध्ये मास्कला काळं फासून पाण्यात सोडतात आणि नट-बोल्ट जोडायला, गाठी मारायला लावतात. जे पोरगे जलतरणात पहिले यायचे त्यांतले काही इथे घाबरून हात वर करायचे. आणि जे घरी जाळी विणायला शिकले होते त्यांना अंधाराचं काही वाटायचं नाही.

पुरावा आणि डायव्हर यांचं नातं मोठ्या घटनांत दिसतं. ३ आणि ४ डिसेंबर १९७१ च्या मधल्या रात्री विशाखापट्टणमजवळ पाकिस्तानची गाझी ही पाणबुडी बुडाली. बुडालेली वस्तू कोणती, हे किनाऱ्यावर बसून कोणालाच ठामपणे सांगता येत नव्हतं. कोळ्यांना तरंगणाऱ्या वस्तू सापडल्या, मग नौदलाचे डायव्हर खाली गेले आणि त्यांनी ती गाझीच असल्याची खात्री केली. त्या कामात निस्तार नावाचं जहाज होतं. त्याच नावाचं नवं, इथेच बांधलेलं जहाज १८ जुलै २०२५ रोजी विशाखापट्टणमला नौदलात दाखल झालं. जुन्या लोकांना ते नाव ऐकून काय वाटलं असेल, ते वेगळं सांगायला नको.

आणि आपल्या जवळचं उदाहरण महाडचं. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा जुना पूल पुरात गेला, दोन एसटी गाड्या आणि इतर वाहनं वाहून गेली. मी तेव्हा निवृत्त होतो, पण नदीच्या पुराचं पाणी म्हणजे काय हे मला माहीत होतं. समुद्राच्या पाण्यात ओढ येते आणि जाते. पुराची ओढ थांबतच नाही, तिच्यात झाडं येतात, तारा येतात. लाल मातीचं पाणी, दिसणं शून्य. क्रेनला मोठं लोहचुंबक लावून शोध चालला होता, नौदलाचे डायव्हर खाली चाचपत होते. एसटीचा सांगाडा सापडायला आठवड्याहून जास्त लागला, आणि तो सापडला पुलापासून काही शे मीटरांच्या आतच. टीव्हीवर लोक विचारत होते, एवढी मोठी गाडी एवढ्या जवळ असून कशी दिसत नाही? दिसायला तिथे काही नव्हतंच. हात लागावा लागतो.

माणसं शोधण्याचं काम मीही केलंय. त्याचं वर्णन करणार नाही. एवढंच सांगतो की तिथे कॅमेरा वर ठेवायचा. चौकशीसाठी जागेचा फोटो लागला तर काढायचा, पट्टी-पाटी लावून, आणि तो फोटो ज्याच्या हातात द्यायचा त्याच्याच हातात द्यायचा. आता प्रत्येकाच्या मास्कला कॅमेरा बसवलेला असतो, म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

शरीराचं बोलू. तू लहानपणी खडपावर कालवं काढायला दम रोखून बुडी मारली असशील. ती सवय सिलिंडर लावल्यावर मोडावी लागते. दम रोखून खाली गेलेल्या माणसाने हवा वर भरलेली असते. ती खाली दबते आणि वर येताना पुन्हा होती तेवढीच होते. सिलिंडरवाल्याने दहा मीटरवर भरलेली हवा वर येता येता दुप्पट होते. श्वास रोखला तर फुप्फुस फाटतं, आणि त्याला दहा मीटरही लागत नाहीत. तिशीच्या पुढे, म्हणजे मीटरच्या तिशीच्या, नायट्रोजनची नशा चढायला लागते. माणसाला वाटतं सगळं छान चाललंय. मी पाटीवर खाली लिहिलेलं वर येऊन वाचताना कधीकधी मलाच हसू आलंय, अक्षर माझं आणि अर्थ कोणाचा कोण जाणे. म्हणूनच आठवणीवर रिपोर्ट लिहायचा नाही, जे खाली लिहिलं किंवा फोटोत आलं तेच धरायचं, हा आमचा नियम.

वर येताना मिनिटाला नऊ मीटरपेक्षा वेग नको, पाच मीटरवर तीन मिनिटं थांब, नाहीतर अंगात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात. सांध्यांत दुखणं, कातडीवर चट्टे, पायात मुंग्या, यांतलं काही आलं तर चोळत बसू नये, ऑक्सिजन लावून चेंबर गाठावं, म्हणजे हवेचा दाब वाढवून उपचार करायची बंद खोली. मुंबईत कुलाब्याला अश्विनी या नौदल रुग्णालयात या आजाराचं वैद्यकशास्त्र जाणणारे डॉक्टर असतात. आपल्या भागासाठी एक गोष्ट जास्त महत्त्वाची, आणि ती कोणी पर्यटकांना सांगत नाही. विमानात बसायच्या आधी थांबावं हे सगळ्यांना माहीत असतं. घाटाचं कोणाला सुचत नाही. निवतीच्या खडकांजवळ किंवा त्याहून खोल पाण्यात, दिवसभर दोन-तीनदा डाइव्ह करून संध्याकाळी आंबोलीमार्गे कोल्हापूर-बेळगाव गाठणारे लोक आहेत. आंबोली सुमारे सातशे मीटर उंचीवर आहे. अंगात विरघळलेला नायट्रोजन अजून बाहेर पडत असतो आणि तू त्याला वर नेतोस. किल्ल्याजवळची पाच-सात मीटरची एक डुबकी असेल तर फार चिंता नाही. पण खोल आणि पुन्हा पुन्हा डाइव्ह केल्यावर रात्र किनाऱ्यावर काढ, मासे खा, सकाळी घाट चढ.

घरचं आयुष्य कोकणातल्या बाकीच्या चाकरमान्यांसारखंच. गणपतीला रजा मिळाली तर मिळाली. बायकोला कायम वाटायचं की मी काय करतो ते मी सांगत नाही, आणि ते खरंच होतं. डायव्हरला वेगळा भत्ता मिळतो, तो चांगला असतो. त्याची किंमत कान आणि सांधे म्हातारपणी वसूल करतात.

आता एक गोष्ट जी तुला खटकेल. नोकरीत काढलेल्या फोटोंतला एकही माझ्याकडे नाही. निगेटिव्ह जमा करायच्या, प्रिंट फाइलला लावायच्या, वहीत नोंद करायची. ते फोटो नौदलाचे. सरकारी गुपितांचा १९२३ चा कायदा गणवेश उतरवल्यावर उतरत नाही. नातवंडं विचारतात, आजोबा, तुमचे फोटो दाखवा, तर माझ्याकडे दाखवायला आहे एक पासपोर्ट साइज आणि एक धक्क्यावरचा ग्रुप फोटो. तुला पाण्याखालचा फोटोग्राफर म्हणून नाव कमवायचं असेल तर नौदल हा त्याचा रस्ता नव्हे, हे स्पष्ट समज. तिथे फोटो चांगला आला याची पावती म्हणजे जहाज वेळेवर डॉकला लागलं किंवा वेळेवर सुटलं. खाली सही दुसऱ्याची.

निवृत्तीनंतर मी गावी आलो आणि मग पहिल्यांदा बघायला म्हणून पाण्यात उतरलो. सुरुवातीला फार विचित्र वाटलं. खडपावर हात फिरवायचो, सवयीने, आणि बरोबरचा पोरगा खूण करायचा की हात लावू नका, प्रवाळ आहे. बरोबर होतं त्याचं. मालवणचा हा पट्टा १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, २९ चौरस किलोमीटरच्या आसपास. तिथल्या प्रवाळावर रोज किती पाय पडतात ते तू माझ्यापेक्षा जास्त पाहतोस. आणि फोटोत मासे जमावेत म्हणून पाव टाकायचा जो धंदा चालतो, तो मला आवडत नाही. तो फोटो माशांचा नसतो, पावाचा असतो.

तुझ्या कामाच्या फोटोग्राफीबद्दल थोडं. आपल्या पाण्यात गाळ असतोच, नोव्हेंबर ते फेब्रुवारीतही थोडा असतो. त्यावर महाग कॅमेरा हा उपाय नाही, जवळ जाणं हा आहे. लेन्स आणि वस्तू यांच्यामधलं पाणी जितकं कमी तितका फोटो चांगला, ती पर्स्पेक्सची पेटी हेच शिकवते. रुंद कोनाची लेन्स घे आणि हातभर अंतरावर जा. फ्लॅश कॅमेऱ्याच्या डोक्यावर ठेवू नकोस, दोन्ही बाजूंना लांब हातांवर लाव आणि किंचित बाहेर वळव, म्हणजे मधला गाळ उजळत नाही. फ्लॅश नसेल तर सूर्य पाठीशी घे, उथळात राहा, रंग खरे यावेत म्हणून पांढऱ्या पाटीवर व्हाइट बॅलन्स लाव आणि खोली बदलली की पुन्हा लाव. लाल फिल्टर पाच मीटरपेक्षा उथळ आणि वीसपेक्षा खोल पाण्यात फारसा उपयोगाचा नाही. ओ-रिंगला, म्हणजे पाणी अडवणाऱ्या रबरी कडीला, केस किंवा वाळूचा कण लागला तर कॅमेरा गेला. तो रिंग काढून, बोटाने चाचपून, सिलिकॉन ग्रीस अगदी पातळ लावून बसव. चाचपूनच, डोळ्याने केस दिसत नाही. वर आल्यावर कॅमेरा गोड्या पाण्याच्या बादलीत बुडवून सगळी बटणं दाब, नुसतं वरून पाणी मारू नकोस. पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते. हवाबंद डबा आणि सिलिका जेल, आणि ते जेल दर पंधरा दिवसांनी तापवून कोरडं करायचं. कोकणात कॅमेरे पाण्यापेक्षा आषाढाने जास्त मारलेत.

तुला काही मोठं करायचंच असेल तर दोन जागा सांगतो. एक आंग्रिया बँक, विजयदुर्गपासून पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटरवर, समुद्रात बुडालेलं पठार, माथा वीस-पंचवीस मीटरवर. तिथलं पाणी आपल्या किनाऱ्यासारखं नाही, तिथे दिसतं. पण मोठी बोट, अनुभवी टोळी आणि हवामानाचा नीट अंदाज असल्याशिवाय जायचं नाव काढू नकोस. दुसरी म्हणजे गुलदार. नौदलातून जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झालेली ही युद्धनौका निवतीच्या खडकांजवळ बुडवून तिथे पाण्याखालचं संग्रहालय करायचं ठरलं आहे. बुडालेल्या जहाजावर काय कधी वस्तीला येतं, आधी शेवाळ, मग कालवं, मग लहान मासे, मग त्यांना खाणारे, याची नोंद एकाच जागेवरून, त्याच कोनातून, पट्टी-पाटी लावून, दर महिन्याला कोणी ठेवली तर ते काम पन्नास वर्षांनी लोक बघतील. एवढ्या जवळ राहणारा माणूसच ते करू शकतो. दिल्लीहून येणारा एकदा येतो, सुंदर फोटो काढतो आणि जातो.

तरीही नौदलातच जायचं असेल तर अडवणार नाही. माझ्या वेळी भरती थेट डायव्हर म्हणून होत नव्हती. आधी खलाशी म्हणून ओडिशात चिल्काला मूळ प्रशिक्षण, मग जहाज, मग स्वेच्छेने अर्ज, वैद्यकीय तपासणी आणि कोची. आता सुरुवात अग्निवीर म्हणून होते, चार वर्षांसाठी, आणि त्यांतले साधारण चौथाई पुढे कायम होतात. वयाची वरची मर्यादा लवकर गाठते, म्हणून जाहिरात आताच बघ, पुढच्या सीझननंतर नको. बारावीचं गणित आणि फिजिक्स राहिलं असेल तर पूर्ण कर. पोहण्याची काळजी करू नकोस, ते तुला येतं. आणि मेअखेरीस होड्या बंद झाल्या की सगळ्यात आधी कणकवलीला नाहीतर कुडाळला कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जाऊन पडदे तपासून घे. रोज चार-पाच पर्यटकांना घेऊन वर-खाली करणाऱ्या पोरांचे कान लवकर खराब होतात, आणि सर्दीतही तुम्ही उतरता हे मला माहीत आहे. पडद्यात काही निघालं तर ते इथेच कळू दे, वैद्यकीय तपासणीच्या रांगेत नको.